मोकळेसाहेबांनी वगळलेला तुकडा

मोकळेसाहेबांचं आडनाव मोकळे नव्हतं. ते त्यांना गोदामात चिकटलं. यंत्रांच्या सुट्या भागांच्या एका मोठ्या गोदामाचे ते प्रमुख होते आणि सकाळी आत पाऊल टाकलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "ती जागा आधी मोकळी करा." हमालांनी आपसात नाव पाडलं, कारकुनांनी ते उचललं, आणि निरोप समारंभात मोठ्या साहेबांनी भाषणात तेच नाव घेतलं, तेव्हा काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही. खुद्द मोकळेसाहेबांनाही नाही.

नोकरी संपली, सवय संपली नाही. ज्या वस्तूचा उपयोग चटकन सांगता येत नाही अशी वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. "हे कशाचं आहे?" एवढंच ते विचारत, आणि समोरच्यानं जरा जरी "अं..." केलं, तरी त्या वस्तूचे दिवस भरले म्हणून समजावं. या प्रश्नापायी घरातून मिक्सरचं एक चांगलं भांडं, मुलाच्या बुद्धिबळातला एक उंट आणि पाहुण्यांची एक छत्री गेली होती. पाहुणे तेव्हा घरातच होते.

घरात त्यांची सत्ता चालत नसे अशी एकच खोली होती. रस्त्याच्या बाजूची, मोठ्या खिडकीची, त्यांच्या बायकोची कामाची खोली. बायकोला सगळे ताई म्हणत. भाजलेल्या माणसांसाठी त्या दाबाचे कपडे शिवत. भाजल्यावर जखम भरते आणि घरच्यांना वाटतं सुटलो. पण खरी डोकेदुखी पुढेच असते. नवी कातडी फुगत जाते, जाड होते, ताठते, बोटं आकडल्यासारखी आत ओढते. तिला दाबून बसवायला अंगाबरोबर ताणणाऱ्या कापडाचा हातमोजा, बाही, कधी अख्खा सदरा रात्रंदिवस घालून ठेवावा लागतो. तो जरा सैल झाला तर घातला काय नि न घातला काय, आणि जरा घट्ट झाला तर बोटं निळी. म्हणून ताई प्रत्येक बोटाची प्रत्येक पेरापाशी मापं घेत, आणि माप घेताना गिऱ्हाईकाशी भलत्याच विषयावर गप्पा मारत, म्हणजे तो हात घट्ट धरून बसत नाही.

सुरुवातीची बरीच वर्षं ताईंनी हे सगळं कात्रीनं कापलं. ते कापड कात्रीखालून सरकतं, त्याला अंगठ्यानं दाबून धरावं लागतं. पुढे त्या अंगठ्याचा सांधाच गेला. सकाळी चहाच्या डब्याचं झाकण उघडायला नवऱ्याला हाक मारायची वेळ आली, तेव्हा त्यांनी एका बंद पडलेल्या कपड्यांच्या कारखान्यातून कापायचं एक यंत्र आणलं. लांब टेबल, त्यावर आडवा दांडा आणि दांड्यावरून पळणारं नखाएवढं पातं. सोबत एक कॉम्प्युटर. मापं त्यात भरली की आखणी तोच करायचा, आणि पातं सर्रकन बोटांची वळणं कापत जायचं. यंत्र बनवणारी कंपनी कधीच बंद झाली होती. त्याचा प्रोग्रॅम फक्त त्याच कॉम्प्युटरवर होता, आणि त्याची ती रुंद वायर लागेल असं भोकही आता नव्या कॉम्प्युटरला येत नाही. ताईंची सगळी गिऱ्हाइकं, म्हणजे त्यांचे हात, दंड, माना, त्या काळ्या डब्यात होती.

तर हा डबा एक दिवस कटकट आवाज करू लागला.

मोकळेसाहेबांनी सूनबाईला फोन लावला. मुलाला लावला नाही. मुलगा म्हणाला असता, "बाबा, तुम्ही प्लीज कशाला हात लावू नका." सून एका कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळायची, ती आवाज ऐकून म्हणाली, "आतली डिस्क जायला आलीय बाबा. घाबरू नका. आहे तशी तिची पूर्ण प्रत काढून ठेवायची, नवी डिस्क बसवायची आणि प्रत त्यावर उतरवायची. मी नवी डिस्क आणि पेनड्राइव्ह पाठवते. सगळं पडद्यावर विचारतं, तुम्हाला जमेल."

तुम्हाला जमेल! निवृत्तीनंतर त्यांना कुणी हे म्हटलं नव्हतं. सामान पोचलं त्या दिवशी ते सकाळीच दाढी करून, बाह्या दुमडून कामाच्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"करा," ताई म्हणाल्या. "पण फक्त त्या डब्याला हात लावायचा. टेबलाला नाही, खणांना नाही, आणि चिंध्यांच्या पेटीकडे तर बघायचंसुद्धा नाही."

"अगं, मी काय चोर आहे?"

"चोर परवडला. तो उपयोगाचं तेवढंच नेतो."

त्यांनी काम अगदी मन लावून केलं. प्रोग्रॅमनं पडद्यावर जुन्या डिस्कचे तुकडे मांडून दाखवले आणि प्रत कशाकशाची काढायची ते खूण करून सांगा म्हटलं. एक तुकडा मोठा होता, नाव असलेला, भरलेला. त्याच्या आधी एक चिटुकला होता. त्याला नावसुद्धा नव्हतं, आत बघायला गेलं तर रिकामा दिसत होता. मोकळेसाहेबांनी चष्मा वर केला आणि सवयीनं मोठ्यानं विचारलं, "हे कशाचं आहे?"

पलीकडे ताई एका आजोबांच्या कोपराचं माप घेत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला काय माहीत!"

झालं. मोकळेसाहेबांनी मोठ्या तुकड्यावर खूण केली आणि चिटुकल्याला वगळलं.

प्रत निघाली. नवी डिस्क बसली. प्रत तिच्यावर उतरली आणि पडद्यावर हिरव्या पट्टीत यशस्वी झाल्याचा निरोप आला. इथवर सगळं सुनेनं सांगितल्याप्रमाणे झालं होतं. पुढचं त्यांनी स्वतःच्या डोक्यानं केलं.

गोदामात त्यांचा एक नियम होता. बाद झालेला भाग तसाच ठेवायचा नाही. त्याला आरपार भोक पाडायचं. एकदा कुणीतरी कोपऱ्यातलं झिजलेलं चाक चांगलं समजून परत बसवलं होतं आणि एका मेकॅनिकची बोटं थोडक्यात वाचली होती, तेव्हापासूनचा हा नियम. भोक असलेली वस्तू चुकून कुणी वापरत नाही. नियम मोकळेसाहेबांचा होता आणि त्यांना त्याचा रास्त अभिमान होता. त्यांनी जुनी डिस्क गॅलरीत नेली, फळीवर ठेवली, गुडघ्यानं दाबली आणि ड्रिलनं मधोमध भोक पाडलं. भुसा झाडून घेतला. फळी जागेवर ठेवली.

मग येऊन कॉम्प्युटर चालू केला.

पंखा फिरला. पडदा काळा झाला. वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ उमटली: ऑपरेटिंग सिस्टीम नॉट फाउंड.

त्यांनी बंद करून पुन्हा चालू केला. तीच ओळ. वायरी काढून पुन्हा लावल्या. तीच ओळ. ज्या माणसानं आयुष्यभर हाताखालच्यांना "सापडत नाही हे उत्तर मला चालणार नाही" असं ठणकावलं, त्याच्याकडे तो डबा शांतपणे बघत म्हणत होता, सापडत नाही.

"झालं का?" ताईंनी विचारलं. आजोबा नुकतेच गेले होते.

"होतंय," ते म्हणाले.

"होतंय म्हणजे झालेलं नाही."

"चालू होत नाहीये."

ताई उठून आल्या. ओळ वाचली. "मग जुनी परत लावा की. कटकट करत होती, पण चालत तरी होती."

मोकळेसाहेबांनी गॅलरीकडे पाहिलं. ताईंनीही तिकडे पाहिलं. ड्रिलचा आवाज त्यांनीही ऐकला होता. त्यांना वाटलं होतं, खिडकीच्या पडद्याची दांडी बसवताहेत. त्या गॅलरीत गेल्या आणि ती डिस्क हातात घेऊन परत आल्या. भोकातून खिडकीतला उजेड दिसत होता.

आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं, असं मोकळेसाहेबांना वाटलं. ताईंनी डिस्क टेबलावर ठेवली. भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेली मोठी कात्री काढली, फडक्यानं पुसली, आणि बेकरीवालीसाठी काढून ठेवलेलं कापड पसरलं. बेकरीवालीचा उजवा हात भट्टीच्या तापलेल्या पत्र्यावर मनगटापर्यंत भाजला होता. तिचे जुने मोजे ताणून सैल झाले होते, आणि त्याच हाताचा नवा जोड, एक घालायला नि एक धुण्यात असताना बदलायला, दुसऱ्या दिवशी दुपारी द्यायचा होता.

"अगं, अंगठा..."

"अंगठा बादच आहे माझा," त्या म्हणाल्या. "आणा ड्रिल."

ताई मोज्याची दोन बोटं कापून झाल्यावर थांबल्या, हात झटकला, गरम पाण्यात बुडवला, पुन्हा बसल्या. तिसऱ्या बोटाच्या वळणावर कात्री घसरली. मग त्यांनी ती खाली ठेवली आणि खिडकीबाहेर बघत साध्या आवाजात म्हणाल्या, "हा एक जोड कसाबसा करते. यंत्र नसेल तर पुढचं काम घ्यायचं नाही. मोजा वाकडा कापून लोकांचे हात बिघडवण्यापेक्षा बंद केलेलं बरं."

त्या चिडून बोलल्या असत्या तर मोकळेसाहेबांनी कानाडोळा केला असता. पण त्या हिशेब सांगितल्यासारख्या बोलल्या, आणि मोकळेसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते म्हणाले, "मी कापतो. तू आखून दे." ताईंनी दिलं आखून. त्यांनी श्वास रोखून, जीभ दातांत धरून एक मोजा कापला. ताईंनी तो उचलून उजेडात धरला.

"हा कुणासाठी आहे? बदकासाठी?"

त्यांना स्वतःलाच हसू आलं, पण ते बाहेर आलं नाही. कॉम्प्युटरचा डबा काखेत मारून ते घराबाहेर पडले.

चौकातल्या दुरुस्तीवाल्याचं दुकान म्हणजे मोकळेसाहेबांच्या दृष्टीनं नरक होता. जमिनीपासून छतापर्यंत उघडी पोटं असलेली यंत्रं. एरवी त्यांनी त्याला जागा मोकळी करायचा सल्ला दिला असता. आज ते निमूटपणे स्टुलावर बसले. दुरुस्तीवाल्यानं डबा सुरू केला, ओळ वाचली, आणि खुर्चीत मागे रेलला.

"काका, केवढा जुना आहे हा! फॉरमॅट मारून सगळं नव्यानं टाकून देतो."

"आणि आतलं?"

"आतलं जाणार. बॅकअप असेलच ना?"

"आतलंच तर हवं आहे. आत एक प्रोग्रॅम आहे, तो आता कुठेच मिळत नाही."

"मग काका, खरं सांगू? टाकून द्या. कशाला सांभाळताय? उगाच जागा अडवतंय."

मोकळेसाहेब उभे राहिले. हेच वाक्य त्यांनी आजवर किती जणांना ऐकवलं असेल याला गणती नव्हती, आणि दर वेळी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक विचित्र हट्टी भाव यायचा, त्याचं त्यांना नवल वाटायचं. आता तोच भाव आपल्या चेहऱ्यावर आहे हे त्यांना आरशाशिवाय कळलं. "तो कुणाचा तरी हात आहे," ते म्हणाले. दुरुस्तीवाल्याला काही बोध झाला नाही. त्यांनी डबा उचलला आणि चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सुनेचा ऑफिसला जाण्याआधीचा मोकळा वेळ साधून, त्यांनी तिला व्हिडिओ कॉल लावला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"बाबा, मला तुमचा कान दिसतोय."

त्यांनी फोन कानावरून काढून समोर धरला. "तो आहे का तिथे?" त्यांनी मुलाबद्दल विचारलं.

"अंघोळीला गेलाय."

"मग लवकर ऐक." आणि त्यांनी ती ओळ वाचून दाखवली.

सून गडबडली नाही. "होतं असं कधीकधी. जुनी डिस्क जपून ठेवलीत ना? ती परत लावू आणि पहिल्यापासून..."

"जुनी डिस्क आहे."

"चला, मग काळजीच नाही."

"पण तिला भोक आहे."

"भोक? कसलं भोक?"

"आरपार."

"आपोआप पडलं?"

"नाही. मी पाडलं."

सून सासऱ्याला काही बोलू शकत नव्हती, आणि न बोलता राहणंही तिला जड जात होतं. फोनच्या पडद्यावर तिचे ओठ नुसते हलताना दिसले. मागून ताईंचा आवाज आला, "बोल गं, बोल. मनात ठेवू नकोस. मी कालपासून ठेवलंय, छाती भरून आलीय."

"आई, तुम्ही पण आहात का?" सून हसली, आणि त्या हसण्यानं जरा हवा खेळती झाली. "बरं बाबा, मला एक सांगा. प्रत काढताना पडद्यावर चौकटी आल्या असतील. सगळ्यांवर खूण केली होती ना?"

"जिच्यात माल होता तिच्यावर केली."

"आणि दुसरी?"

"दुसरी रिकामी होती. एवढीशी. नाव नाही, गाव नाही. मी विचारलं होतं हे कशाचं आहे म्हणून. कुणाला सांगता आलं नाही."

"मला विचारलं होतं यांनी," ताई म्हणाल्या. "मी कुणाचं तरी कोपर मोजत होते!"

आता मात्र सून दिलखुलास हसली. इतकी की मोकळेसाहेबांना राग यायला हवा होता. पण त्या हसण्यात कुठेतरी वाट असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. माणूस मेल्यावर डॉक्टर हसत नाही.

"बाबा, ऐका. तुमचं गोदाम आहे तसं नव्या जागी आलंय. सगळे रॅक, सगळा माल. पण फाटकावर जो माणूस असतो ना, गाडी आली की कुठल्या दारानं आत जायचं ते सांगणारा? त्याला तुम्ही जुन्या जागीच सोडून आलात. त्याची खोली ती एवढीशी होती. आता गाडी येते, फाटकावर कुणी नाही, म्हणून तिथूनच परत जाते."

मोकळेसाहेब खुर्चीत ताठ बसले. "म्हणजे माल आहे?"

"असायला हवा. आधी तेच बघू. पेनड्राइव्ह लावा, आणि डबा चालू करताक्षणी वरच्या ओळीतली बारा नंबरची कळ टकटक दाबत राहा. थांबायचं नाही."

ते कळ दाबत राहिले. ताई फोन धरून मागे उभ्या होत्या. पेनड्राइव्हचा प्रोग्रॅम उघडला, सून सांगेल तिथे त्यांनी बाण नेला, आणि पडद्यावर एकाखाली एक नावं उतरली. त्यात कोपरवाले आजोबा होते, एक शाळकरी मुलगी होती, बेकरीवाली होती.

"आहेत," ताई म्हणाल्या. "सगळे आहेत."

"मग आता नवा माणूस नेमायचा," सून म्हणाली. "पहिलं काम, या डिस्कच्या तुकड्यावर पाटी लावायची की सुरुवात इथून. तिसऱ्या ओळीवर जा. तिसऱ्या, बाबा. चौथ्या नाही. चौथीनं पुसलं जाईल."

मोकळेसाहेबांनी माउसवरून हात उचलला आणि लेंग्याला पुसला. मग तर्जनीनं पडद्यावरच्या ओळी मोजल्या. वरून मोजल्या, खालून मोजल्या. ताईंनाही मोजायला लावल्या.

"अहो, तीनच तर मोजायच्यात!"

"मोजू दे गं. काल मोजलं नाही म्हणून तर इथे बसलोय."

त्यांनी कळ दाबली. डबा बंद होऊन चालू झाला. काळा पडदा, पांढरी ओळ. पण ओळ वेगळी होती. आता तो कसलीशी एक फाईल मिसिंग आहे म्हणत होता. मोकळेसाहेबांनी हात टेकले. "संपलं."

"संपलं काय बाबा, ओळ बदलली! काल तो फाटकाशीच अडत होता. आता आत आलाय आणि माणूस कुठाय विचारतोय. पुन्हा पेनड्राइव्ह. पुन्हा बारा नंबर."

मागे कुठेतरी दार वाजलं आणि मुलाचा आवाज आला, "कुणाशी बोलतेयस?"

"आईंशी," सून बेधडक म्हणाली. "मोज्यांबद्दल चाललंय. तू नाश्ता कर."

मोकळेसाहेबांनी कृतज्ञतेनं फोनकडे बघितलं. त्या मुलीनं आपली बाजू इतक्या सहज सांभाळली, आणि आपण तिला आजवर हवापाण्यापलीकडे काही विचारलं नाही, असं त्यांना वाटून गेलं. पण तेवढ्यात ती पुढचं सांगू लागली आणि त्यांना धावावं लागलं. दुरुस्ती अशी एक ओळ होती, तिच्या पोटात चार खुणा होत्या. मोकळेसाहेबांनी विचारलं, "यातल्या कुठल्या?"

"सगळ्या."

"ही शेवटची कशाची आहे?"

"बाबा."

"नाही नाही, करतो."

त्यांनी चारही खुणा केल्या. पट्टी भरत गेली. संपल्यावर त्यांनी पेनड्राइव्ह काढला, डबा बंद केला, आणि चालू करायचं बटण दाबायला ताईंना पुढे केलं. "तू दाब. माझ्या हाताला यश नाही."

ताईंनी अंगठ्यानं दाबायला हात पुढे केला, सांध्यात कळ आली म्हणून मागे घेतला आणि मधल्या बोटानं दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळा झाला. वरच्या कोपऱ्यात एक लहान रेघ लुकलुकली, आणि लुकलुकतच राहिली. फोनमध्ये सून, खुर्चीत मोकळेसाहेब, त्यांच्या खांद्यामागे ताई, तिघंही त्या रेघेकडे बघत राहिले. रस्त्यावरून एक मोटार गेली. शेजारच्या घरातला नळ बंद झाला. मग रेघ नाहीशी झाली, पडद्याच्या मधोमध चार रंग एकमेकांकडे तरंगत आले आणि जुळून त्यांची खिडकी झाली. मोकळेसाहेबांनी त्या खिडकीचं चित्र इतकी वर्षं रोज येताजाता पाहिलं होतं. ते इतकं सुंदर आहे हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"आलं?" सुनेनं विचारलं.

"आलं," ताई म्हणाल्या. "आलं गं बाई."

मोकळेसाहेबांचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडल्याचा आवाज बहुतेक फोनमधूनही ऐकू गेला, कारण सून म्हणाली, "बाबा, पाणी प्या आधी. आणि मी त्याला काही सांगणार नाही. फक्त ते ड्रिल आईंच्या ताब्यात द्या."

"दिलं," ते म्हणाले. "आणि हे बघ... तुझं ऑफिसचं काम कसं चाललंय? म्हणजे, नक्की काय करतेस तू तिथे?"

सुनेनं खांद्याला लावलेली पर्स पुन्हा खाली ठेवली. "सांगते ना, बाबा. संध्याकाळी फोन करते. निवांत सांगते."

पण खरी परीक्षा अजून व्हायची होती. कॉम्प्युटर जागा झाला म्हणजे यंत्र ऐकेलच असं नव्हतं. ताईंनी रुंद वायर लावली, तिचे दोन्ही स्क्रू मोकळेसाहेबांनी बोटांनी पिळून घट्ट केले. बेकरीवालीचं पान उघडलं. ताईंनी जुन्या मोज्यावरून जरा विचार केला, दोन बोटांचं माप थोडं कमी केलं आणि कापड टेबलावर ताणून लावलं. मग त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हातानं कळ दाबली.

दांडा थरारला. पातं कोपऱ्यात गेलं, थबकलं, आणि सर्रकन करंगळीच्या वळणावर वळलं. मोकळेसाहेब एरवी या आवाजाला कटकट म्हणत, दुपारी झोपू देत नाही म्हणत. आता ते टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकवून त्या पात्याबरोबर मान फिरवत होते. करंगळी, अनामिका, मधलं बोट. अंगठ्यापाशी पातं जरा सावकाश झालं, जसं ते नेहमीच होतं, आणि पूर्ण गोल फिरून जिथून निघालं तिथेच येऊन थांबलं.

ताईंनी कापड उचलून उजेडात धरलं. समाधानानं मान डोलावली आणि शिवणयंत्रावर जाऊन बसल्या.

मोकळेसाहेब खिडकीजवळच्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीत टेकले. जरा पाठ टेकावी एवढाच विचार होता.

दुपारी बेकरीवाली आली ती बोलतच आली. "ताई, पहाटेपासून तीनदा ट्रे पाडला, मालक म्हणतो हात नीट कर नाहीतर..." ताईंनी ओठावर बोट ठेवलं. बेकरीवाली थांबली. खुर्चीत मोकळेसाहेब मान एका बाजूला टाकून, तोंड अर्धवट उघडं ठेवून गाढ झोपले होते. चष्मा नाकावरून घसरून छातीवर आला होता.

ताईंनी तिला खुणेनं स्टुलावर बसवलं. तिच्या हाताला थोडी पावडर लावून एकेक बोट अलगद आत सरकवत मोजा चढवला, मनगटाची चेन ओढली. बेकरीवालीनं मूठ मिटली, उघडली. पुन्हा मिटली. जाड झालेली कातडी कापडाखाली सपाट बसली होती.

"घट्ट आहे," ती कुजबुजली.

"असायलाच हवा. बोटं निळी पडताहेत का?"

"नाही हो. बरं वाटतंय. कुणीतरी हात धरून ठेवल्यासारखं." तिनं दुसरा मोजा पिशवीत ठेवला. "ताई, पुढच्या खेपेला माझ्या भाच्याला आणू का? त्याच्या मानेवर गरम दूध सांडलंय. इतके दिवस कुठे जायचं तेच कळत नव्हतं."

ताईंनी खुर्चीकडे पाहिलं. मग टेबलाकडे. "आणा," त्या म्हणाल्या. "सोमवारी आणा. मान मोजायला जरा वेळ लागतो, म्हणून सकाळीच या."

बेकरीवाली दारापर्यंत गेली आणि परत वळली. "साहेबांना बरं नाही का हो?"

"आता बरं आहे," ताई हळूच म्हणाल्या. "तेवढं दार ओढून घ्या. आवाज करू नका."